आये काय बोलली

थॉर्नशॉ साहित्य मंडळाचा एक नियम होता, आणि तो एंटविसल सरांनी घालून दिलेला असल्यामुळे तो मोडायची कुणाची छाती नव्हती. आपली गोष्ट आपण वाचायची नाही. सगळ्यांनी आपापले कागद नाव न घालता टेबलावर पालथे ठेवायचे, ज्याच्या हाताला जी गोष्ट लागेल ती त्याने वाचायची, आणि तीही पडद्याआड बसून. पडदा म्हणजे दवाखान्यात असतो तसला, चाकांवरचा, हिरव्या कापडाचा. सर त्याला मंडळाची दौलत म्हणायचे.

सरांचं म्हणणं असं, की गोष्टीतल्या माणसाने तोंड उघडलं की ऐकणाऱ्याला कळलं पाहिजे, हा कोळशाच्या गाडीवरचा की गिरणीमालकाचा जावई. त्याचा कोट सांगू नका, त्याचं घर सांगू नका, त्याला बोलतं करा. इंग्लंडातल्या लँकेशरच्या त्या भागात हे फारसं अवघडही नव्हतं. एका गल्लीतून दुसरीत गेलं की 'हो' म्हणायची तऱ्हा बदलायची. आणि वर टेकडीवर, जिथे गिरण्यांचे मॅनेजर राहायचे, तिथे लोक 'हो' असं म्हणायचे जणू समोरच्यावर उपकार करताहेत.

आयरीन शॉरॉक दोन्हीकडचं बोलायची. ती वकिलाच्या कचेरीत टायपिस्ट होती, आणि टेकडीवरच्या मुलींच्या शाळेत शिकलेली होती. सकाळी घरून निघताना ती खालच्या गल्लीतली असायची आणि टाउन हॉलच्या घड्याळापाशी पोचेपर्यंत वरची व्हायची. संध्याकाळी परत उलट. इतक्या वर्षांत तिची एकदाही गफलत झाली नव्हती, आणि याचा तिला अभिमान होता. तो कुणाला सांगता येत नव्हता एवढंच.

त्या नोव्हेंबरात मंडळाने घरच्या मंडळींसाठी खुली सभा ठेवली, आणि लंडनच्या एका मासिकाचे संपादक, मिस्टर हॉलिस, पाहुणे म्हणून यायचं ठरलं. सभेत वाचलेल्यातली एक गोष्ट ते छापणार होते. आयरीनला ती एक गोष्ट आपली हवी होती. इतकी हवी होती की तिची झोप उडाली होती. टाइप करून करून दुसऱ्यांची पत्रं, दुसऱ्यांची मृत्युपत्रं. आपलं नाव खाली असलेलं असं काही एकदा तरी छापून यावं, यासाठी ती मंडळात आली होती.

"मी पण येणार," तिची आई म्हणाली. "बर्था सांगत व्हती, घरच्यांना न्यायला चालतंय म्हणून."

सॅरा-ॲन शॉरॉकचा सगळा जन्म विणकामाच्या शेडमध्ये, मागांवर गेला होता. त्या खडखडाटाने तिचे कान कधीच नेले होते.

"आये, तुला ऐकू येणार न्हाई काई. दोन तास नुसती बसून राहशील."

"चॅपेलात दुसरं काय करते? तिथं तर चहा पण देत न्हाईत. हितं चहा हाय ना?"

"हाय."

"आन् सँडविच?"

"हायत."

"मग झालं की."

आयरीनला खरी भीती ऐकू न येण्याची नव्हती. मागांच्या आवाजात घसा फोडून उपयोग नसतो, म्हणून विणकर बायका आवाज न काढताच बोलायच्या, नुसत्या ओठांनी. ओठ चांगले रुंद ताणायचे, भुवया नाचवायच्या, की शेडच्या या टोकाचा निरोप त्या टोकाला पोचलाच. बाळंतपण आणि पोटाची ऑपरेशनं हे विषय तर शेडबाहेर, बस-स्टॉपवरसुद्धा ओठांनीच बोलायचे असा त्यांचा दंडक होता. सॅरा-ॲनला समोरचं तोंड दिसलं की पुरे, कान तिला लागतच नव्हते. रस्त्यापलीकडे दोन बायका काय कुजबुजताहेत ते ती चालता चालता वाचायची आणि घरी येऊन सांगायची.

पण सभेत पडदा होता. वाचणाऱ्याचं तोंड पडद्याआड. आयरीनने हा हिशेब मनात दोनदा करून पाहिला आणि म्हणाली, "ये मग."

हिशेब करायचं कारण तिची गोष्ट. तिने आईवरच लिहिली होती.

आयरीन अकरा वर्षांची असताना परीक्षा पास होऊन तिला टेकडीवरच्या शाळेत जागा मिळणार होती. मुलाखतीला गेली, मुख्याध्यापिकाबाईंच्या प्रश्नांची फाडफाड उत्तरं दिली, आणि चार दिवसांनी घरी पत्र आलं, की मुलगी हुशार आहे पण तिचं बोलणं पाहता ती आमच्या मुलींत रमेल का याबद्दल शंका वाटते. तेव्हा सॅरा-ॲन शेजारच्या बर्थाची चेऱ्या, म्हणजे चेरीची खोटी फळं, लावलेली टोपी मागून घेऊन, लेकीचा हात धरून शाळेत गेली. आयरीनला बाहेर बाकावर बसवलं होतं. दाराच्या धुरकट काचेतून तिला एवढंच दिसत होतं, की टोपीवरच्या लाल चेऱ्या जराशा हलताहेत आणि मग स्थिर राहताहेत. थोड्या वेळाने आई बाहेर आली, 'झालं, चल' म्हणाली आणि चालायला लागली. पुढे प्रवेश मिळाला. आत काय झालं हे आयरीनने एकदोनदा विचारलं, तर 'बोलायचं ते बोलले' एवढंच उत्तर.

मग आता गोष्ट लिहायची तर आईचं बोलणं आयरीनलाच रचावं लागलं. ते कसं रचायचं हे तिला पक्कं ठाऊक होतं. मागच्या हिवाळ्यात मंडळातल्या मिसेस लोमॅक्सच्या गोष्टीतल्या भांडीवालीने मंडळाला पोट धरधरून हसवलं होतं. आयरीनच्या गोष्टीतली मागावरची बाई त्याहून वरचढ झाली. ती कोट टांगायच्या खुंटाळ्यालाच नमस्कार करायची, बोलताना भलतेच शब्द वापरायची, बाईंच्या पाया पडायला बघायची. मुख्याध्यापिका मात्र शुद्ध, शांत, मोजकं बोलायच्या. गोष्ट चांगली जमली होती. वाचताना आयरीनलाही हसू आवरत नव्हतं. आपण कुणाला हसतोय हे तिला माहीत नव्हतं असं नाही. पण गोष्ट म्हटली की असं करावंच लागतं, अशी तिने स्वतःची समजूत घातली होती.

सभा को-ऑपच्या दुकानावरच्या खोलीत होती. सॅरा-ॲन निळा कोट आणि तिची स्वतःची निळी टोपी घालून आली आणि मागच्या रांगेत हीटरला पाठ लावून बसली. मिस्टर हॉलिस उंच होते, कोपराला ठिगळ लावलेला कोट घालून आले होते, आणि बोलताना त्यांचे ओठ जेमतेम हलत होते. शब्द दातांच्या मागेच तयार व्हायचे आणि तिथूनच घरंगळत बाहेर यायचे.

"ह्याची दाढ दुखतीय का?" सॅरा-ॲनने लेकीच्या कानाशी विचारलं. ऐकू न येणाऱ्या माणसाची कुजबुज ती, दोन रांगांनी ऐकली.

"नाही, आई. ते असेच बोलतात."

"मेला ओठच हलवीत न्हाई. कुणाला कळायचं?"

"इथे सगळ्यांना कळतं, आई. तू बस जरा."

सॅरा-ॲनने तिच्याकडे एक नजर टाकली. घरी ती 'आये' होती, इथे जिना चढल्यापासून 'आई' झाली होती. मग मांडीवर पर्स ठेवून तिने हात त्यावर ठेवले.

पहिली गोष्ट सरांनी पडद्याआडून वाचली. कुणातरी दर्यावर्दीची होती, लांबत गेली. सॅरा-ॲन हिरव्या कापडाकडे सुखाने बघत बसली होती आणि तिचे डोळे अधूनमधून सँडविचच्या टेबलाकडे वळत होते. आयरीनचा जीव जरा खाली पडला. मग मिसेस लोमॅक्स उठल्या.

मिसेस लोमॅक्स गिरणीच्या मॅनेजरच्या बायको. लग्नाआधी मँचेस्टरला एका बाईंकडे दातांत बूच धरून त्या बोलायला शिकल्या होत्या, कारण वडिलांचं मटणाचं दुकान होतं आणि लग्न टेकडीवर व्हायचं होतं. तेव्हापासून त्यांचा एकेक शब्द धुऊन इस्त्री करून बाहेर पडायचा. त्यांनी टेबलावरून कागद उचलले. वकिलाच्या कचेरीतला निळसर कागद. आयरीनने आपली गोष्ट लांबूनच ओळखली.

"सर," मिसेस लोमॅक्स पाहुण्यांकडे बघून हसल्या, "आज किती उकडतंय नाही? पडदा जरासा बाजूला घेऊ या का? मिस्टर हॉलिसनाही नीट ऐकू येईल."

नोव्हेंबरात उकडत कुणाला होतं ते त्यांनाच ठाऊक. सरांचा चेहरा पडला, पण पाहुण्यांनी 'हरकत नाही' अशा अर्थाचं काहीतरी दातांत म्हटलं, आणि पडदा कुईकुई करत भिंतीपाशी गेला. मिसेस लोमॅक्सनी खुर्ची पुढे घेतली, कागद छातीपाशी धरले आणि मान वर केली. बूच धरून शिकलेले ते ओठ, एकेक अक्षर दिसेल असे हलायला लागले.

"'आवो बाईसायेब!'" त्यांनी आवाज चिरका केला. "'म्या अडानी बाई, मला काय बी कळत न्हाई! पर माजी पोरगी लई शानी हाय बगा! तिला तुमच्या साळंत घ्या, तुमच्या पायताणाची धूळ म्हनून घ्या!'"

लोक हसले.

"'आपण बसा ना,' मुख्याध्यापिका शांतपणे म्हणाल्या. 'नगं नगं बाईसायेब! माज्या बुडाला असल्या गुबगुबीत खुर्चीची सवं न्हाई!'"

आता खोली हसून लोळायची बाकी राहिली. मिस्टर हॉलिससुद्धा खांदे हलवून हसत होते. आयरीनने मागे वळून पाहिलं. सॅरा-ॲनसुद्धा हसत होती, सगळ्यांबरोबर, डोळे पुसत. ब्लॅकपूलला सुट्टीत नकला बघायला जायची तेव्हा हसायची तशीच.

मग मिसेस लोमॅक्स त्या ओळीपाशी आल्या: 'ती वाकली की शेजारणीकडून मागून आणलेल्या टोपीवरच्या चेऱ्या टकाटका वाजायच्या.' सॅरा-ॲनचं हसू थांबलं. विणकर बाई कापडात तुटलेला धागा शोधते तशी ती वाचणारीच्या तोंडाकडे बघायला लागली, आणि शेवटपर्यंत तिने नजर हलवली नाही. पुढे काय वाचलं गेलं ते आयरीनला ऐकूच आलं नाही. तिला लाज वाटत होती, आणि तरीही लोक कुठे हसताहेत आणि कुठे नाही यावर तिचं लक्ष होतं. दोन्ही एकदम चाललं होतं, आणि या दुसऱ्या गोष्टीची तिला पहिलीहून जास्त लाज वाटली.

टाळ्या झाल्या. सगळ्या गोष्टी वाचून झाल्यावर मिस्टर हॉलिस उठले. म्हणाले, टोपीची गोष्ट मी घेतो. कुणाची आहे? आयरीन उभी राहिली. परत टाळ्या झाल्या. सरांनी तिचा हात हातात घेऊन दाबला. जे हवं होतं ते मिळालं होतं.

चहाच्या वेळी मिस्टर हॉलिस कप घेऊन तिच्याजवळ आले. मिसेस लोमॅक्सही आल्या, कारण यश अर्धं त्यांचं होतं.

"एकच करा," मिस्टर हॉलिस म्हणाले. "शेवटी ती बाई जराशी शहाण्यासारखी बोलायला लागते. ते काढा. तिला अजून मोकळी सोडा. बाकी, कुठे सापडली ही तुम्हाला? अगदी जिवंत आहे."

"होती आमच्या गल्लीत एक," आयरीन म्हणाली.

ती हे हळू बोलली, टेकडीवरच्यासारखे ओठ अगदी जेमतेम हलवून. ती शाळेत गेली त्या पहिल्या सहामाहीत एकदा आईने रस्त्यापलीकडून ओठांनीच 'जेवलीस का' म्हणून विचारलं होतं, आणि आयरीनने तसंच तोंड भरून उत्तर दिलं होतं. वर्गातल्या मुलींनी ते बघितलं. पुढे कितीतरी दिवस त्या तिला बघून माशासारखं तोंड उघडायच्या आणि मिटायच्या. तेव्हा तिने कानाला खडा लावला. परत कधी चारचौघांत ओठ ताणायचे नाहीत. आईशीसुद्धा ती घरीच, दार लावून तसं बोलायची.

पण लेकीचं तोंड आईला पाठ होतं, ते ओठ वाचायला ताणावे लागत नव्हते. आयरीनने मान वर केली तेव्हा सॅरा-ॲन चहाच्या पिंपापाशी उभी होती, दोन हातांत दोन कप. एक अर्थातच लेकीसाठी होता. ती तिच्याकडेच बघत होती, आणि तिने सगळं वाचलं होतं.

ती जवळ आली नाही. तिथूनच, सगळ्या खोलीवरून, तिने तोंड उघडलं. आवाज नाही. नुसते ओठ, शेडमधले, रुंद.

'मी तसं बोलले न्हवते.'

आयरीनने नजर खाली घातली. परत वर केली.

'त्या दिवशी मी नीट बोलले व्हते. नीट! तुला कुणी सांगितलं मी तसं बोलले म्हणून?'

"अगंबाई," मिसेस लोमॅक्स म्हणाल्या, "त्या बाईंना बरं वाटत नाहीये का? तोंड असं काय करताहेत?"

दोघी-तिघी वळून बघायला लागल्या. मागे कुणीतरी फिसकन हसलं. मिस्टर हॉलिस कुतूहलाने बघत होते. आयरीनला सोपं होतं. जायचं, आईचा कोट घ्यायचा, 'आई दमलीय' म्हणायचं आणि जिना उतरायचा. गोष्ट टेबलावर राहिली असती आणि लंडनला गेली असती. तिने एक पाऊल उचललंही. मग ती थांबली, आणि तिने तोंड उघडलं. इतक्या वर्षांनी, चारचौघांत, ओठ ताणून.

'काय बोलली व्हतीस, आये?'

सॅरा-ॲनने दोन्ही कप पिंपाशेजारी ठेवले. टोपी सरळ केली, हात पोटापाशी जुळवले आणि पाठ ताठ केली. मग ती एकेक शब्द सुटा करून, सावकाश, ओठांनी बोलायला लागली.

"काय म्हणताहेत त्या?" मिस्टर हॉलिसनी विचारलं.

आयरीन आईच्या तोंडाकडे बघत मोठ्याने म्हणत गेली.

"'मॅडम, माझ्या मुलीच्या बोलण्याबद्दल आपण लिहिलंत. ते खरं आहे. ती जे ऐकते ते शिकते. घरी तिने आमचं ऐकलं, ते ती शिकली. इथे ती आपलं ऐकेल, ते शिकेल. माझे कान गेले आहेत, तिचे चांगले आहेत. त्यांना काम द्या. एवढंच मागायला मी आले आहे.'"

सॅरा-ॲनने ओठ मिटले. आयरीनच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ते तिने पुसलं नाही.

"गल्लीतली नाही," ती मिस्टर हॉलिसना म्हणाली. "ती बाई ही. माझी आई."

मिस्टर हॉलिस वाईट माणूस नव्हते. त्यांनी कप खाली ठेवला आणि सॅरा-ॲनकडे बघून मान लववली.

"सुरेख आहे," ते म्हणाले. "पण मिस शॉरॉक, हे छापलं तर कुणी विश्वास ठेवणार नाही. मागावरची बाई असं बोलते?"

"बोलली."

"बोलली असेल हो. खरी बाई काहीही बोलू शकते. गोष्टीत ती तोंड उघडल्याबरोबर ओळखू आली पाहिजे. हे शब्द मुख्याध्यापिकेच्या तोंडी घाला, कुणाला काही वाटणार नाही. तुमच्या सरांचा तोच तर नियम ना?"

सगळ्यांनी सरांकडे पाहिलं. सर भिंतीपाशी ढकललेल्या पडद्याकडे बघत होते.

"मला ती लिहिलीय तशीच हवी," मिस्टर हॉलिस म्हणाले. "नाहीतर मग दर्यावर्दी आहे."

"मग दर्यावर्दीच घ्या," आयरीन म्हणाली.

निळसर कागद मिसेस लोमॅक्सच्या बशीखाली होते. आयरीनने बशी उचलली, कागद घेतले, बशी परत ठेवली. तिला फार वाईट वाटत होतं. आपण काही थोर केलं असं तिला अजिबात वाटत नव्हतं. एवढं हातात आलेलं गेलं, एवढंच वाटत होतं. तिने आईला कोट दिला आणि दोघी जिना उतरल्या.

खाली रस्त्यावर दिवे लागले होते. पहिल्या दिव्याखाली सॅरा-ॲन थांबली, म्हणजे तोंड दिसावं.

"काय म्हणाला तो दाढदुखीवाला?"

आयरीनने सांगितलं. आवाज न काढता, चांगले ओठ ताणून. समोरून जाणारा एक सायकलवाला वळून बघून गेला.

"छापणार न्हाई? आन् तू परत घेऊन आलीस? अगं, खुळी का काय तू!"

"तुला चाललं असतं?"

"मला राग आला तो आला. म्हणून काय लंडन सोडायचं? तिथं कोण वळकतंय मला!" ती चार पावलं चालली आणि परत थांबली. "पण मी तसं बोलले न्हवते."

"न्हाई बोललीस, आये. चुकलं माझं."

"नमस्कार घातला म्हणे. खुंटाळ्याला!" सॅरा-ॲनने नाक उडवलं. "ते मात्र चांगलं जमवलंस. बर्थाला सांगते उद्या."

आयरीनला हसू आलं आणि रडूही. दोघी उताराने चालत राहिल्या.

"तुला ते सगळं शिकवलं कुणी?" पुढच्या दिव्याखाली तिने विचारलं.

"शेडात. बर्थाची भैन मोठ्या घरी कामाला व्हती, तिनं वाक्यं जुळवून दिली. मी मागावर हुभी राहून म्हणायची आन् समोरच्या मागावरची जेनी बघायची. ओठ चुकला की मुंडी हलवायची. मग आख्खी रांगच मागं लागली. माग दुरुस्त करणारा गडी सुदीक मला थांबवून सांगायचा, 'मॅडम' म्हणताना तोंड एवढं उघडू नको म्हणून. सगळ्या शेडाला पाठ झालं व्हतं."

"आन् आवाज? आवाज कसा निघत व्हता?"

"ते कुणाला ठाऊक? त्या खडखडाटात कुणी ऐकला? आन् मला तर त्या वेळी पण ऐकू येतच न्हवतं. ओठ बरोबर व्हते एवढं खरं."

धुरकट काचेमागे हलणाऱ्या आणि मग स्थिर राहणाऱ्या चेऱ्या आयरीनला दिसत होत्या.

"मग बाई काय म्हणाल्या?"

"मला काय ठाऊक! ती पण ह्याच्यासारखीच, ओठ न हलवणारी. लई वेळ बोलली. मी बघतीय, बघतीय, एक शब्द कळंना. हो म्हणतीय का न्हाई म्हणतीय, काय समजायचं? परत सांगा म्हणावं, तर ते मला शिकवलेलं न्हवतं. शेवटी आभार मानले. हो म्हणाली असली तरी आभार, न्हाई म्हणाली असली तरी आभार. तेवढं एकच वाक्य माझ्यापाशी उरलं व्हतं."

"पण बाहेर येऊन तू 'झालं' म्हणालीस, आये."

"माझं बोलून झालं व्हतं की."

"आन् मग? शाळेचं पत्र येईस्तोवर काय केलंस?"

"काय करणार? माग चालवले," सॅरा-ॲन म्हणाली. "आन् घरी आलं की त्या टोपीला ब्रश मारून ठेवायची. बर्था परत मागत व्हती, पण मी दिली न्हाई. म्हटलं, परत जायला लागलं तर असावी."